परवान्याचे पुस्तक

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे जेमतेम पाचशे वस्तीचे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा अनेकांनी ऐकलेली असते आणि त्याच्यावरचे लेखही बहुधा तिथेच रेंगाळतात. मला मात्र या कहाणीत सर्वांत बोलकी वाटते ती एक रुक्ष कार्यालयीन वस्तू : जंगलातला माल बाहेर नेण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि त्याच कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या इतर मालात, स्पष्ट शब्दांत केलेली होती. तरीही गावाने बांबू विकायला काढला तेव्हा परवाना मिळेना, कारण वनखात्याच्या लेखी, १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे, बांबू हे झाडच होते. (वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते, पण नाक्यावर गाडी अडवणाऱ्याला वनस्पतिशास्त्र दाखवून उपयोग नसतो.) २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ते पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले, तेव्हा कुठे कागदावरच्या हक्काला चाके लागली. वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला जायला मात्र २०१७ साल उजाडावे लागले.

लोकांच्या हाती जंगल दिले तर ते उजाड होईल, हा आक्षेप मला पटत नाही. बांबूच्या बेटातील जुन्या काठ्या तोडायच्या आणि नव्या राखायच्या असतात. सरसकट तोड झाली तर बेटच खचते. ठेकेदाराला यंदाचा ट्रक भरायचा असतो, पण ज्याला पुढच्या वर्षी त्याच बेटापाशी यायचे आहे, तो कोवळ्या काठीला हात लावताना दहा वेळा विचार करतो. गावचे नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने हे गाव कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून अभ्यास गटात चर्चा करून, सर्वसहमतीने जंगलाचे नियम ठरवत आले होते. विकण्याचा अधिकार नसताना केलेली ती राखण म्हणजे बिनपगारी चौकीदारीच होती.

२०१३ मध्ये गावाने महाराष्ट्र ग्रामदान कायद्याची वाट धरून शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. सातबाऱ्यावरून स्वतःचे नाव काढू देणे किती अवघड असते, हे बांधावरून भावकीत वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या आमच्यासारख्या घरांना वेगळे सांगावे लागणार नाही.