मेंढ्या आणि लोकर घेऊन प्रदर्शनाला जाताना

प्रदर्शनात मेंढ्या एका मांडवात आणि लोकर दुसऱ्या मांडवात अशी विभागणी बऱ्याचदा केलेली असते; आम्ही आयोजकांना आधीच विनंती करून दोन्ही शेजारी मांडली, आणि पुढे जाणाऱ्या कुटुंबांनीही तसेच करावे असे मला मनापासून वाटते. जिची लोकर हातात आहे ती मेंढी समोर रवंथ करत बसलेली असली, की पाहणाऱ्याचे प्रश्नच बदलतात.

आम्ही ऊन उतरल्यावर निघालो, त्यामुळे वाटेत जनावरांना धाप लागली नाही. मेंढी कळपात वाढणारी असल्याने एकटी पडली की ओरडत राहते आणि चारा सोडते. म्हणून एकच दाखवायची असली तरी सोबतीला दुसरी न्यावीच. चारा अचानक बदलला की पोट बिघडते, तेव्हा पूर्ण मुक्कामाला पुरेल इतकी वैरण घरूनच न्यावी. शेजारच्या कप्प्यातील गाईंचे खनिज मिश्रण कोणी प्रेमाने देऊ केले तरी नम्रपणे नाकारावे, कारण त्यातील तांबे मेंढीच्या यकृतात साठते आणि विषबाधा होऊ शकते.

लोकरीच्या मांडणीला मात्र आम्ही सर्वाधिक वेळ दिला. कातरलेली बाजू खाली ठेवून सगळी लोकर एकसंध पसरायची, कडेची शेणाने माखलेली, पोटाखालची आणि मानेजवळची काडीकचरा अडकलेली लोकर काढून टाकायची, आणि मग गुंडाळून सुती कापडात बांधायची; प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. स्पर्धेसाठी न धुतलेली लोकर मागितली असेल तर तिचा नैसर्गिक तेलकटपणा तसाच राहू द्यावा.

परीक्षकांनी पेन्सिलीइतकी बारीक बट दोन्ही टोकांना ताणून कानाजवळ धरली आणि बोटाने टिचकी मारली. तारेसारखा स्वच्छ आवाज आला तर तंतू मजबूत. चरचर होऊन बट मध्येच तुटली तर तो भाग वाढत असताना जनावराने आजारपण, उपासमार किंवा विण्याचा ताण सोसलेला असतो. बटेचे टोक सर्वांत जुने आणि कातडीकडचा भाग सर्वांत नवा, त्यामुळे ती कुठे तुटते यावरून तो काळही ताडता येतो. ही चाचणी घरी आधीच करून पाहावी. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात; मेरिनो जातीच्या मेंढीची उत्तम लोकर 20 मायक्रॉनच्या आत असते, तर गालिच्याची जाडीभरडी लोकर 30 च्या पुढे जाते. दोन्हींचे नमुने शेजारी ठेवले की लहान मुलांनाही बोटांनी फरक कळतो.

सासूबाई टकळीवर सूत कातत बसल्या आणि सर्वाधिक गर्दी तिथेच झाली. मुलांकडे पाणी, स्वच्छता आणि येणाऱ्यांना हात धुण्याची आठवण करून देण्याचे काम होते; ते त्यांनी चोख केले.

परतल्यावर प्रदर्शनातील मेंढ्या थेट कळपात सोडू नयेत. आम्ही त्यांना काही आठवडे वेगळ्या वाड्यात ठेवतो, रोज खुरे आणि ओठ तपासतो. ओठांवर खपल्या दिसल्यास हातमोज्यांशिवाय स्पर्श करू नये, कारण मावा हा रोग माणसालाही होतो, आणि पशुवैद्यकाला लगेच बोलवावे.