हंपीतल्या कामकरी बायका

होस्पेटला उतरून रिक्षा ठरवली, तेव्हाच रिक्षावाल्याने यादी ऐकवली: राणीचं स्नानगृह, लोटस महाल, जनाना. विजयनगर साम्राज्याची राजधानी असलेल्या हंपीत बायकांच्या नावावर एवढंच दाखवतात. गंमत म्हणजे ज्याला जनाना म्हणतात त्या आवाराला खेटूनच अकरा दालनांची गजशाळा आहे. राणीवशाच्या भिंतीपाशी हत्ती, माहूत आणि त्यांचा राबता? ही नावं मागाहून पडलेली आहेत. अभ्यासकांना ती पटत नाहीत, मला तर तिथे उभं राहिल्यावर अजिबातच पटेनात.

मला हव्या होत्या त्या बायका महानवमी दिब्ब्यावर सापडल्या. दसऱ्याचा सोहळा राजा जिथून बघायचा तो हा चौथरा, सुमारे ८ मीटर उंच. सगळे धडाधड पायऱ्या चढून वर फोटो काढायला जातात. वर काही नाही. खाली, चौथऱ्याच्या अंगावर बघायचं. घोडे, उंट, हत्ती, शिकारी, आणि त्यांच्यामध्ये टिपऱ्या खेळणाऱ्या बायकांची रांग. कंबरेत वाकलेल्या, एक पाय उचललेला. दगड इतका झिजलाय की चेहरे गेलेत, पण उचललेल्या पायांचा ठेका अजून कळतो. शेजारी गवत उपटणाऱ्या दोन मावश्या उन्हातून सावलीत सरकत होत्या. 'इकडून बघा, तिकडून ऊन लागतं,' असं त्यांनी मला खुणेनेच सांगितलं.

नाचणाऱ्या बायका कुठल्याही देवळात दिसतात म्हणा. विजयनगरचं वेगळेपण पोर्तुगीज घोडेव्यापारी फर्नाव नुनिज लिहून ठेवतो. १५३५ च्या सुमारास तो इथे होता. राजवाड्याच्या दाराआतल्या खर्चाचे हिशेब बायका लिहितात, राज्यकारभाराची टिपणं ठेवतात आणि बाहेरच्या कारकुनांच्या वह्यांशी ती ताडून बघतात, असं तो सांगतो. शिवाय ज्योतिषी बायका, कुस्ती खेळणाऱ्या बायका, रात्री राजवाड्यावर पहारा देणाऱ्या बायका. मला त्यातल्या वह्या ताडणाऱ्या सगळ्यात आवडल्या. बाहेरच्या कारकुनाची चूक पकडल्यावर त्यांच्यात काय खसखस पिकत असेल!

त्याच्याही शंभरेक वर्षं आधी आलेला व्हेनिसचा निकोलो काँटी म्हणतो की राजाला १२,००० बायका, त्यातल्या ४,००० त्याच्यामागे पायी चालतात आणि फक्त मुदपाकखाना सांभाळतात. आकडे फुगवलेले असणार. पण राणीवसा म्हणून मोजलेल्या बायकांतला मोठा हिस्सा प्रत्यक्षात चुलीपाशी राबणाऱ्यांचा होता, हे त्याच्याच तोंडून निघून जातं. उरलेल्यांपैकी दोन-तीन हजार जणींना राजा मेल्यावर जाळून घेण्याच्या अटीवरच निवडलं जातं, असंही तो लिहितो. नुनिजनेही सतीचं वर्णन केलंय. हिशेबनीस बायकांचं कौतुक करताना हे पान उलटून पुढे जायचं, असं करता येत नाही. या भागातल्या सतीच्या दगडांवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकून वर उठलेला हात कोरलेला असतो. नाव बहुतेकदा नसतं.

शेतात राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या बायका या परदेशी पाहुण्यांच्या लिखाणात ओझरत्याच येतात. त्यांची नजर दरबाराकडे होती.

संध्याकाळी अच्युतराय मंदिराकडे गेलो. समोरचा रुंद, ओसाड रस्ता म्हणजे सुळे बाजार, गणिकांची पेठ. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, मध्ये शेळ्या. १४४३ मध्ये हेरातहून आलेला राजदूत अब्दुर रज्जाक विजयनगरच्या गणिकांविषयी एक गोष्ट नोंदवतो: शहराच्या कोतवालीतल्या शिपायांचा पगार त्यांच्याकडून येणाऱ्या महसुलातून भागवला जाई. म्हणजे शहराच्या बंदोबस्ताचा खर्च या बायका उचलत होत्या. मंदिराच्या पाटीवर यातलं अक्षर नाही. तिथून नदीकाठच्या पायवाटेने विठ्ठल मंदिर गाठता येतं. भानुदासांनी पंढरीचा विठोबा इथून परत नेला, ही कथा ऐकून मोठे झालेले आपण मराठी लोक तिकडे जाणारच. जाताना वाट सुळे बाजारातूनच धरा, आणि पाण्याची बाटली आधीच भरून घ्या, मध्ये कुठे टपरी नाही.