मिनिट्स मी लिहितो

ऑफिसच्या समानता गटात माझं नाव लागलं त्या दिवशी कॅन्टीनमध्ये एकाने विचारलं, "काय रे, लेडीज डब्यात चढलास?" सगळे हसले, मीही हसलो. खरं सांगायचं तर हौसेने गेलोच नव्हतो. एचआरला गटात दोन पुरुष हवे होते, एकाने आधीच अंग काढून घेतलं होतं, आणि माझं अप्रेझल तोंडावर आलं होतं.

चकाल्याला आमचं ऑफिस, माणसं दीडशेच्या आसपास. पहिली मीटिंग संध्याकाळी साडेसहाला. बारा बायका आणि मी. मी दहा मिनिटं बोललो असेन, असा माझा अंदाज. निघताना अकाउंट्समधल्या एका ज्येष्ठ मॅडमनी वहीचं पान माझ्यापुढे धरलं. कोण किती वेळा बोललं त्याच्या उभ्या रेघा. माझ्या नावापुढे एकवीस, त्यांच्या स्वतःच्या नावापुढे दोन. "अहो, रागावून नाही दाखवत," त्या म्हणाल्या, "पण मला घाटकोपरला मेट्रो सोडून कल्याण फास्ट गाठायचीय, आणि आजचा सगळा वेळ तुमच्या सूचना ऐकण्यात गेला." सूचना तरी काय? महिला दिनाला वक्ता बोलवू, गुलाब वाटणं बंद करू, स्वसंरक्षणाचं शिबिर घेऊ. मीटिंगची वेळच चुकीची आहे, हे त्या खोलीत मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

पुढची मीटिंग जेवणाच्या सुट्टीला लागून ठेवली. मी काय करू, असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, "मिनिट्स लिहा." म्हणजे मीटिंगमध्ये काय बोललं, काय ठरलं त्याची नोंद. नोकरीच्या अकरा वर्षांत मी कधी मिनिट्स लिहिले नव्हते. खोलीतली सगळ्यात ज्युनियर मुलगी लिहायची. तिच्याहून ज्युनियर मुलगा बसलेला असला तरी तीच. लिहायला बसलं की तोंड आपोआप बंद राहतं, हा त्यातला फायदा.

दुसरं काम आलं वर्गणीचं. वाढदिवसाचा केक, निरोपाची भेट, सत्यनारायणाचा प्रसाद, हे सगळं आमच्या मजल्यावर चार वर्षं एकच मुलगी बघत होती. मी हातात घेतल्यावर कळलं, दीडशे रुपयांसाठी एकेका मॅनेजरला तीन-तीनदा आठवण करावी लागते. तुटीचं काय करायचीस, म्हणून तिला विचारलं. "घालायचे मी," ती म्हणाली. किती, ते तिने सांगितलं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. पुढचं तसं नाही.

आमचा गट वेगळा आणि लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती वेगळी, एवढंही मला धड ठाऊक नव्हतं. दुसऱ्या टीममधल्या एका मुलीने चहाच्या मशीनपाशी मला सांगितलं, की तिचा एक सिनियर रात्री-अपरात्री मेसेज करतो, आणि काय करतो ते. मला वाटलं, बघा, विश्वास टाकला माझ्यावर. दुसऱ्याच दिवशी मी त्या सिनियरला जिन्यात गाठलं आणि मोठ्या भावाच्या आवाजात समज दिली. त्याने ऐकून घेतलं, "बरं झालं सांगितलंस" असंही म्हणाला. मी खूश. दुपारी तिने मला बाजूला घेतलं. त्याने आधीचे सगळे मेसेज डिलीट केले होते आणि टीममध्ये तिच्याशी बोलणं बंद केलं होतं. "मी तुम्हाला सांगितलं होतं. त्याला सांगा, असं म्हटलं नव्हतं."

नशीब, तिने स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. माझ्या नशिबाने म्हणतोय मी. तिने ते अक्कलहुशारीने ठेवले होते.

समितीच्या बाहेरच्या सदस्य बाई आमच्या गटाशी बोलायला आल्या तेव्हा मी माझा उद्योग, कुणाचं नाव न घेता, सांगून टाकला. त्यांनी मला धोपटलं नाही, कायदाच समजावला. कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देते. चौकशी 90 दिवसांत संपवायची. समेटसुद्धा फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच, आणि पैसे देऊन नाहीच. म्हणजे जिन्यातल्या समजुतीला यात कुठे जागाच नाही.

आपण सगळे सर्रास 'विशाखा समिती' म्हणतो ना, तर विशाखा हे त्या पीडित बाईचं नाव, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ती संस्था. राजस्थानात बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवींवर 1992 साली सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर विशाखा आणि इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि अशा समित्या नेमायला सांगणारा 1997 चा निकाल आला. खोलीत हे फक्त मलाच माहीत नव्हतं असं नाही, पण कबूल मी एकट्याने केलं. असल्या कामात शिरलेला आपण पहिलाच पुरुष, हा माझा समजही बाईंनीच काढला. 'मावा' ही पुरुषांची संघटना मुंबईत 1993 पासून हे काम करतेय, म्हणाल्या.

त्या मुलीने पुढे तक्रार दिली, असा माझा अंदाज आहे. अंदाजच, कारण चौकशीतलं काही बाहेर सांगायला कायद्यानेच मनाई आहे, आणि मी काही समितीत नाही. तो सिनियर आता खालच्या मजल्यावर बसतो. का, ते मी विचारलेलं नाही. ती जिन्यात भेटते तेव्हा मान हलवते, थांबत नाही.

कॅन्टीनमधले अजून खोदून विचारतात, "तू तर आतला माणूस, सांग ना काय झालं त्याचं?" मी चहा आणतो म्हणून उठतो.