जांघेतला हर्निया उभं राहून मोजायला हवा

"उजव्या जांघेत हर्निया आहे." एवढंच लिहिलेले सोनोग्राफीचे रिपोर्ट नागपूरच्या धंतोलीत अजूनही माझ्यासमोर येतात आणि दर वेळी जीव चरफडतो. गाठ आहे हे पेशंटला ठाऊकच असतं, ती त्याच्या हाताला लागते. सर्जनला हवं असतं ते पुढचं. पोटाच्या भिंतीतलं भोक कुठे, केवढं, त्यातून काय बाहेर येतंय, दाबल्यावर आत जातंय का, आणि दुसरी बाजू कशी आहे.

मध्यंतरी कळमना मार्केटमध्ये हमाली करणारे एक काका आले होते. टेबलावर पाठ टेकताच म्हणाले, "मॅडम, निजलो का गाठ आत जाते. मंग तुमाले दिसन कशी?"

प्रश्न अगदी नेमका होता. तरी आधी झोपवूनच पाहिलं, कारण खुणा तशाच नीट सापडतात. पोटाच्या सरळ स्नायूच्या मागून एक बारीक धमनी वर जाते, इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक. रक्ताचा प्रवाह दाखवणारा डॉपलर लावला की ती ठोके देताना दिसते. तिला धरून सोनोग्राफीचा प्रोब खाली तिच्या उगमापर्यंत सरकवायचा. भोक तिच्या बाहेरच्या, म्हणजे कमरेकडच्या बाजूला असेल तर हर्निया इनडायरेक्ट, आतल्या, म्हणजे शरीराच्या मध्याकडच्या बाजूला असेल तर डायरेक्ट. काकांचं आतल्या बाजूला होतं, १.९ सेंटिमीटर. मग त्यांना उभं केलं, मूठ ओठांवर घट्ट धरून फुंकायला लावलं. स्क्रीनवर भोकाच्या कडा फाकत गेल्या, भोक ३.२ सेंटिमीटरचं झालं. चरबीचा गोळा पुढे सरकला आणि फुंकणं थांबताच मागे गेला. आतडं नव्हतं. डावीकडे कसलीच तक्रार नव्हती, पण तिथेही लहानसा फुगवटा निघाला.

२०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये डायरेक्ट भोक ३ सेंटिमीटरच्या वर असेल तर ते झाकायला बसवलेली जाळी टाचून पक्की करावी, नाहीतर ती भोकात ढकलली जाण्याची भीती असते. सर्जन आत गेल्यावर स्वतः बघतोच, हे मला मान्य आहे. पण जाळी टाचायच्या टॅकरचा, म्हणजे त्या उपकरणाचा खर्च हमाली करणाऱ्या माणसाला ऐन वेळी कळून कसं चालेल? एका बाजूचं ऑपरेशन की दोन्ही, हेही आधीच बोलून ठेवायला लागतं.

फ्रेंच सर्जन आंरी फ्रुशो यांनी १९५६ मध्ये जांघेतली ही सगळी कमजोर जागा एकच धरून मांडली. डायरेक्ट, इनडायरेक्ट आणि मांडीच्या वरच्या टोकाशी येणारा फीमोरल, तिन्ही हर्निया तिथूनच बाहेर पडतात. दुर्बिणीतून निदान १० बाय १५ सेंटिमीटरची जाळी टाकतात ती ही पूर्ण जागा झाकायला. म्हणून मोजणाऱ्यानेही तिन्ही जागा बघायला हव्यात. बायकांमध्ये तर जांघेतल्या चिवट पट्ट्याच्या, म्हणजे लिगामेंटच्या खाली, मांडीच्या शिरेच्या आतल्या बाजूला प्रोब ठेवल्याशिवाय तपासणी संपवूच नये. तिथला फीमोरल हर्निया लहान असतो, पण अडकला तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो.

सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. आधी ऑपरेशन झालेलं असेल किंवा अंडकोशापर्यंत उतरलेला मोठा हर्निया असेल, तेव्हा त्याचा खरा उपयोग होतो.

आणि पेशंटांसाठी एक. दिवसभर उभं राहून, वजन उचलून झाल्यावर गाठ जास्त दिसते. शक्य असेल तर सोनोग्राफीची वेळ संध्याकाळची घ्या, आणि कशाने गाठ बाहेर येते ते तपासणाऱ्याला आधीच सांगा.