या वयात खुनाच्या कादंबऱ्या?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. साठी उलटली तरी हा माणूस खुनाच्या कादंबऱ्या कसल्या वाचतो, हे जळगावातल्या आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. ‘झोप तरी लागते का हो?’ लागते, छान लागते.

माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं. आम्ही चौघं: एक गार्डचा मुलगा, एक केबिनमनचा, एक लोको शेडमधल्या फिटरचा आणि मी टीसीचा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातली वाचनालयात हाती लागेल ती आणायची आणि एकानं मोठ्यानं वाचायची. हिवाळ्यात अंगणात पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी टाकली की वाचन सुरू. पानांवर काजळीची बोटं उमटायची. त्याचा दंड वर्गणी काढून भरायचो.

कथा असायची मुंबईतली, पण आम्ही तिच्यातला संशयित धुळ्याला आणून ठेवायचो, कारण इकडच्या गाड्या आम्हाला पाठ. धुळ्याहून मेन लाइनला यायचं तर चाळीसगावला गाडी बदलणं आलं. संशयित ‘मी तेव्हा तिथं नव्हतोच’ म्हणाला की गार्डचा मुलगा वाचन थांबवायचा, बोटांवर वेळ मोजायचा आणि निकाल द्यायचा, ‘हाऊ खोटं बोली ऱ्हायना, भो!’ तोवर एखादं वांगं जळून कोळसा झालेलं असायचं.

पुढे बदल्या आल्या. गार्डचं घर इटारसीला गेलं. फिटरचा मुलगा कॅनडात आहे. केबिनमनच्या मुलाचा पत्ताच लागत नाही.

परवाच्या कादंबरीतला खुनीही असाच गाडीच्या वेळेआड लपतो. शेवट ओढूनताणून आणलाय, मला पटला नाही. पण १४० व्या पानावर तो म्हणाला, ‘रात्रभर मी गाडीत झोपलो होतो,’ आणि मी बोट ठेवून थांबलो. खोलीत मी एकटाच. तरी कुणीतरी आता हरकत घेणार असं वाटलं.

रात्रीचे साडेअकरा झाले होते. त्या पानाचा फोटो काढून इटारसीला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर: ‘तिकीट कोणी तपासलं ते लिहिलंय का? टीसीचं पोर ना तू?’

चष्मा पुसून मागची दहा पानं पुन्हा चाळली. लिहिलेलं नव्हतं.