घरून पाय धुऊन गेलो

आज पवित्र गुरुवार, येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण. मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) फादर ज्या बारा जणांचे पाय धुणार, त्यांत मीही होतो. म्हणून घरीच साबणाने पाय घासले, नखं कापली, वर पावडर लावली. (हो, पावडर!)

शेजारी वसईच्या वाडीतून थेट आलेली आजी. टाचांच्या भेगांत माती. २०१६ पर्यंत नियमाने या बारांत बायकांना जागाच नव्हती. तिचे पाय धुतल्यावर परातीतलं पाणी गढूळ झालं. ती हळूच म्हणाली, "फादर, पाणी बदला. पुढच्याचे पाय स्वच्छ आहेत."

पुढचा मी.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिष्य पेत्रही आधी येशूला आपले पाय धुऊ देत नाही. दुसऱ्याचे पाय धुणं एखादवेळी जमेलही. पण आपले मळके पाय कुणापुढे करता येतात का हो तुम्हाला?