तुम्ही विचारलंत म्हणून : यातलं मूळचं कोण उरलंय?

घरी कोणी आलं आणि मी स्कॅटलाइट्स हा जमैकाचा जुना बँड लावला की थोड्या वेळात हा प्रश्न येतोच. "छान आहे हो. यातले मूळचे कोण आहेत अजून?" मूळच्या वादकांतलं आता कोणी नाही. शेवटचे लेस्टर स्टर्लिंग, आल्टो सॅक्सोफोनवाले, 2023 मध्ये गेले. मग पुढचा प्रश्न: "मग हा तोच बँड कसा?"

जमैकाला 1962 मध्ये स्वातंत्र्य मिळालं. किंग्स्टनच्या स्टुडिओंत तेव्हा स्का हे नवं संगीत घडत होतं. ते घडवणारे वादक रोजंदारीवर वाजवायचे: आज कॉक्सन डॉड यांच्या स्टुडिओत, उद्या ड्यूक रीड यांच्याकडे. ज्याला वेळ असेल तो येणार. म्हणजे बँडला नाव मिळण्याआधीपासूनच माणसं बदलत होती. 1964 च्या जूनमध्ये त्यांतले काही एकत्र आले आणि स्कॅटलाइट्स या नावानं जाहीर कार्यक्रम करू लागले. नाव टॉमी मॅकूक यांचं: सॅटेलाइटमध्ये त्यांनी स्का घुसवला.

मॅकूक, स्टर्लिंग, ट्रम्पेटवाले जॉनी मूर आणि ट्रॉम्बोनवाले डॉन ड्रमंड हे चौघंही अल्फा बॉइज स्कूलचे. गरीब घरांतल्या मुलांसाठी ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेली ही किंग्स्टनमधली शाळा. तिथे इतर कामांसोबत बँडचं शिक्षण मिळायचं. सिस्टर मेरी इग्नेशियस या तिथल्या जोगिणीनं मुलांना संगीत अक्षरशः भरवलं. मला या बँडचं घर शोधायचं झालं तर ते कुठल्या क्लबात नाही, या शाळेत सापडतं.

आता स्का म्हणजे काय ते हातावर मोजून बघा. एक नि दोन नि तीन नि चार. गिटार आणि पियानो आकड्यांवर वाजत नाहीत, त्या 'नि'वर वाजतात. ड्रमवर लॉइड निब यांचा ठोका दोन आणि चारवर पडतो. खाली लॉइड ब्रेव्हेट यांचा उभा बास चालत राहतो. एवढ्या आधारावर ब्रास, म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, मोकळं सुटतं. हा ठोका कागदावर लिहून देता येतो, पण त्याचं वजन लिहिता येत नाही. ते वाजवणाऱ्याच्या शेजारी बसूनच कळतं.

ड्रमंडबद्दल मात्र मी वाद घालत नाही. त्या ट्रॉम्बोनमधली उदासी पुन्हा कोणाला साधली नाही. 1965 च्या जानेवारीच्या सुरुवातीलाच त्यांनी मार्गारिटा नावानं ओळखल्या जाणाऱ्या अनिता महफूद या नर्तकी-गायिकेचा, आपल्या जोडीदारणीचा, खून केला. त्यांना मनोरुग्णालयात ठेवलं गेलं आणि तिथेच 1969 मध्ये ते वारले. त्यांचं वाजवणं ऐकताना मला मार्गारिटा आठवतेच, आणि आठवावी असंच मला वाटतं. 1965 च्याच ऑगस्टमध्ये बँड फुटला. सगळे मिळून जेमतेम चौदा महिने.

आता हिशोब करा. ज्या ड्रमंडशिवाय हा बँड लोकांना अपुरा वाटतो, ते त्यात सात महिनेसुद्धा धड नव्हते. 1983 मध्ये जमैकातल्या माँटेगो बेच्या रेगे सनस्प्लॅश या संगीत महोत्सवाला मंडळी पुन्हा जमली. मग बँड अमेरिकेत रुजला, गावोगाव फिरू लागला. 1998 मध्ये मे महिन्यात मॅकूक गेले. नोव्हेंबरमध्ये सॅक्सोफोनवाले रोलंड अल्फान्सो हॉलिवूडला रंगमंचावरच कोसळले आणि काही दिवसांनी गेले. बँड थांबला नाही. 2011 मध्ये निब गेले, 2012 मध्ये ब्रेव्हेट. तेव्हाही थांबला नाही. अमेरिकन कीबोर्डवादक केन स्ट्युअर्ट ऐंशीच्या दशकाअखेर आले आणि निब-ब्रेव्हेट यांच्यासोबत वीसेक वर्षं वाजवत राहिले. ते 'मूळचे' नाहीत, हे बरोबर. पण त्या ठोक्याच्या शेजारी बसण्यात गेलेली वर्षं मोजली, तर ड्रमंडपेक्षा कितीतरी जास्त भरतात.

आमच्या गावच्या भजनी मंडळात आजोबांच्या वेळचं कोणी राहिलेलं नाही. पखवाजवाल्यांचा मुलगा लहानपणी टाळ घेऊन त्यांच्या गुडघ्याला लागून बसायचा. आता पखवाज त्याच्याकडे आहे. बोल वडिलांचे, हात थोडा जड. जुन्या लोकांना तो फरक कळतो, मलाही कळतो. पण एकादशीला कोणी त्याला 'तू खरा का' असं विचारत नाही. 'आलास का, बस' म्हणतात.

स्कॅटलाइट्सच्या नव्या माणसांनाही मी तसंच ऐकतो. ट्रॉम्बोनची पाळी आली की कान टवकारतो, कारण तिथली जागा अजून भरलेली नाही. आणि ड्रमकडे कान गेला की दोन आणि चारवर तो ठोका पडलेला असतो.